आग जिथे थांबते तिथली जाळी

प्रश्न: बाई, सप्रेम नमस्कार. मुलगा ऑस्ट्रेलियात केर्न्सला असतो. यंदा जुलैत दीड महिना त्याच्याकडे होते. एका रविवारी तो गाडीने चिलागो नावाच्या गावी घेऊन गेला. सपाट माळावर करड्या-काळ्या चुनखडीचे सुळके उभे, पोटात गुहा. सुळक्यांवर रान होतं, पण कसलं? निम्मी झाडं पानं गळून बोडकी, वेलींचा गुंता, आणि काट्यात पदर अडकून फाटला तो वेगळाच. वाटाड्या म्हणाला, हे कोरडं वर्षावन आहे, 'व्हाइन थिकेट'. मला तर आपल्या सड्यावरची, जांभ्याच्या माळावरची करवंदांची जाळीच वाटली. आठ महिने पाऊस नाही, मग वर्षावन कसं? आणि खाली चांगली माती पडलेली असताना ही झाडं त्या धारदार दगडावर का चढून बसली? चार फोटो सोबत पाठवते. — एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर: तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. तो सुटला की पहिला अर्धा सुटतो.

ती झाडं दगडावर चढली असं तुम्हाला वाटलं. मी म्हणेन, ती दगडावर उरली. तुमच्या पहिल्याच फोटोत सुळक्याच्या पायथ्याशी पिवळं, कमरेइतकं गवत दिसतंय आणि त्यात विरळ उभी निलगिरीची झाडं. उत्तर क्वीन्सलँडच्या आतल्या भागातला बराचसा सपाट प्रदेश असाच. तिथला पाऊस डिसेंबर ते मार्च पडतो, आणि पडून पडून वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतच. आपल्याकडे तो तीन हजारांच्या घरात जातो. एप्रिलपासून ते गवत वाळू लागतं आणि मग आग येते. कधी विजेने, कधी माणसाने लावलेली. निलगिरीला त्याचं काही वाटत नाही. साल जाड, खोड होरपळलं तरी सालीखालचे डोळे फुटतात. वेलरानातल्या, म्हणजे तुमच्या 'व्हाइन थिकेट'मधल्या झाडांची साल पातळ. एखादी आग ती सोसतील, पण दर दोन-चार वर्षांनी आग आली की रोपटी मोठी व्हायच्या आत मरतात आणि त्यांची जागा गवत घेतं. गवत आलं की पुढची आग आणखी आत येते. चांगल्या मातीवर ही झाडं नाहीत ती या कारणाने. चांगल्या मातीवर गवतही चांगलं येतं.

दगडावर मात्र गवताला पाय रोवायला जागा नाही. वणवा सुळक्याच्या बुडाशी येतो, खायला काही मिळत नाही आणि तिथेच विझतो.

हे मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. मी सातवीत असताना आमच्या डिचोलीच्या घरामागच्या सड्यावर मार्चमध्ये आग लागली. करड, म्हणजे वाळलं गवत, पेटलं, रात्रभर उजेड दिसत होता. सकाळी वडिलांबरोबर वर गेले. पायाखाली सगळं काळं, कोमट. मधे जांभ्याचे मोठे धोंडे होते आणि त्यांच्या फटींतून वाढलेली एक जाळी: करवंद, अंजनी, एक कुडा, आणि सगळ्यांवरून गेलेली उक्षी. बाहेरच्या करवंदांची पानं करपून तपकिरी झालेली, हात लावला की चुरा होत होती. वडिलांनी काठीने फांद्या बाजूला केल्या. आत हिरवं होतं. दोन धोंड्यांच्या मधल्या भेगेत मी कोपरापर्यंत हात घातला, तर खालची कुजकी पानं ओली लागली. गार. बोटांशी काहीतरी हललं म्हणून मी ओरडले, तर एक छोटा बेडूक होता. रात्री हातभर अंतरावरून आग गेली होती आणि तो तिथेच बसून होता. पुढे तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण 'आसरा' या शब्दाचा अर्थ मला त्या सकाळी कळला.

तेव्हा तुम्हाला चिलागोत आपली जाळी आठवली यात काही चूक नाही. फक्त आपला दगड जांभा, तिथला चुनखडीचा, आणि या फरकाने बरंच काही बदलतं.

चिलागोचा खडक म्हणजे साधारण चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातली प्रवाळं आणि शंखशिंपल्यांचा गाळ. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, आणि चुनखडी आंबटात विरघळते. म्हणून तुमच्या दुसऱ्या फोटोत दगडावर वरून खाली नखांनी ओरबाडल्यासारख्या पन्हळी दिसतात आणि मधल्या कडा सुरीसारख्या झाल्यात. तेच पाणी भेगांत उतरून त्या रुंद करतं, पार खाली गुहेपर्यंत. वरून पाहिलं तर सुळका कोरडा ठणठणीत. भेगेत मात्र वाऱ्याने आलेली धूळ, कुजलेली पानं, पाखरांची विष्ठा साठते, सावली असते, ओल टिकते. मुळांना फक्त तिथवर पोचायचं असतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत गुहेच्या छतातून दोरखंडासारखं जे लोंबतंय त्याला तुम्ही 'वेल' लिहिलंय. ते वडा-उंबराच्या कुळातल्या झाडाचं मूळ आहे. झाड वर उन्हात आणि मूळ खाली गुहेतल्या ओलीला. मला त्या फोटोवरून नजर काढवत नव्हती.

आता वर्षावनाचं. ऑस्ट्रेलियात लेन वेब नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी 1959 साली तिथल्या वर्षावनांचं वर्गीकरण केलं ते झाडांच्या नावांवरून नाही, दिसण्यावरून. पानं केवढी, पानगळ किती, वेली किती, छत किती उंच. झाडांची नावं न येणाऱ्यालाही रानात उभं राहून ते वापरता यावं ही सोय. त्या वर्गीकरणाच्या ओल्या टोकाला आपल्या मनातलं वर्षावन येतं, उंच आणि मोठ्या पानांचं, आणि कोरड्या टोकाला हे वेलरान: छत जेमतेम चार ते नऊ मीटर, पानं बहुतेक बोटापेक्षा आखूड, वेली भरपूर, आणि कोरड्या महिन्यांत निम्मी झाडं बोडकी. वर्षावन म्हणायचं ते गोत्रावरून. या झाडांचे नातेवाईक ओल्या रानातले आहेत, निलगिरीच्या माळावरचे नाहीत. फांद्यांना फांद्या भिडून छत मिटतं, खाली सावली पडते, गवत येत नाही. पानगळ म्हणजे पाणी वाचवायची युक्ती. आपला पांगारा आणि सावर फाल्गुनात बोडके उभे असतात म्हणून आपण त्यांना मेलेले समजतो का?

आणि गोत्र म्हणाल तर ते आपल्याही ओळखीचं आहे. चौथ्या फोटोत निष्पर्ण फांदीच्या टोकाला पिवळीधमक फुलं आहेत ना, ती आपल्या गणेरीच्या सख्ख्या चुलत बहिणीची. गणेरीला आपण सोनसावरही म्हणतो. वटवाघळाच्या पंखांसारख्या पानांचा तिथला पांगारा आणि आपला पांगारा एकाच प्रजातीतले, जाती तेवढ्या वेगळ्या. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या अशा रानांत खुद्द आपली लाल सावरही आहे, गुंजही आहे, आणि गुळवेल, वाघाटी, टेंभुर्णी यांची भावंडं आहेत. तुमच्या हातावर जे दोन लांब पंखांचं फळ दिसतंय त्याला तिकडे हेलिकॉप्टर ट्री म्हणतात. उंचावरून सोडलं की भिरभिरत खाली येतं. ते झाड आपल्या देशातही आहे, आंध्र-तमिळनाडूच्या कोरड्या डोंगरांत.

एका जीवाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गोगलगाय. तिला शंख बांधायला चुना लागतो, आणि ओल लागते. चुनखडीच्या भेगेत दोन्ही मिळतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात किंबर्लीच्या पूर्व भागात निंगबिंग नावाच्या चुनखडीच्या डोंगररांगा आहेत. शिकागोच्या फील्ड म्युझियमचे ॲलन सोलेम यांनी तिथल्या गोगलगायींचा अभ्यास केला, तर एकेका टेकाडावर वेगळी जात निघाली. काही जातींचं साऱ्या जगातलं राहतं घर एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. कोरडे महिने त्या दगडाच्या सांदीत शंखाचं तोंड मिटून काढतात आणि पहिल्या पावसाला बाहेर येतात. त्यांना एका टेकाडावरून दुसऱ्यावर जाता येत नाही, कारण मधे गवत, ऊन आणि आग. समुद्रातल्या बेटांसारखंच की हे. त्यातलं एक टेकाड फोडलं, तर 'दुसरीकडे असतील' असं म्हणायची सोय उरत नाही.

आणि टेकाडं फोडली जातात. चुनखडी म्हणजे सिमेंट. क्वीन्सलँडमध्येच रॉकहॅम्प्टनच्या उत्तरेला माउंट एटना नावाचा चुनखडीचा डोंगर आहे. वर असंच वेलरान आणि पोटातल्या गुहांत लाखो वटवाघळांची बाळंतघरं. तिथे खाण चालली. गुहा वाचवायला माणसं कित्येक वर्षं झगडली, तरी 1988 साली काही गुहा सुरुंगाने उडवल्या गेल्या. उरलेला भाग आज राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच डोंगरातल्या जुन्या भेगांत सापडलेल्या हाडांवरून कळलं, की सुमारे पाच लाख ते पावणेतीन लाख वर्षांपूर्वी तिथे खरंखुरं ओलं वर्षावन होतं. नंतर हवा कोरडी झाली. क्वीन्सलँडच्या ब्रिगॅलो पट्ट्यातली वेलरानं आज तिथल्या केंद्रीय कायद्याने संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहेत. बरीचशी शेतीसाठी आणि चराईसाठी गेली. चिलागोकडे मादागास्करहून बागेसाठी आणलेली रबरवेल पसरली आहे, ती झाडांवर चढून त्यांना गुदमरवते.

पुन्हा जाणार असाल तर चिलागोच्या गुहांत पाकोळ्यांची घरटी बघा. आपल्या वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या बर्न्ट आयलंडवर ज्या पाकोळ्या कपारीत घरटी करतात, त्यांच्याच जवळच्या. दोघी अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. आणि तेवढ्या लांब जाणं जमलं नाही तर कुमठ्याजवळचं याण आहेच. दोन काळे सुळके, एक 120 मीटर, दुसरा 90. तोही चुनखडीच. तिथे पाऊस भरपूर म्हणून भोवती दाट सदाहरित रान, पण दगडाच्या उभ्या अंगावर मात्र मधमाश्यांची पोळी आणि भेगेत शिरलेली मुळं, एवढंच. महाशिवरात्रीची जत्रा टाळून जा, म्हणजे दगडापाशी निवांत उभं राहता येईल.

प्रश्न: घराला चुना काढला. उरलेला एक्झोराच्या बुडाशी ओतला, म्हटलं कॅल्शियम मिळेल. आता नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. कीड दिसत नाही. — एक वाचक, फोंडा

उत्तर: कीड नाहीच. आपली जांभ्याची माती आंबट, आणि एक्झोराला ती तशीच लागते. चुन्याने आंबटपणा गेला की मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही. लोह आहे, पण हाती लागत नाही, अशी गत. चुनखडीवर वाढणाऱ्या झाडांकडे तशा मातीतून लोह ओढून घ्यायची हातोटी असते. एक्झोराकडे ती नाही. वरची चार बोटं माती पांढऱ्या थरासकट काढून टाका, शेणखत आणि कुजका पालापाचोळा घाला. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळच्या वेळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. आधी पिवळी झालेली पानं सुधारली नाहीत तरी घाबरू नका. नव्या पानांकडे बघा.

प्रश्न: पेडण्याला सड्याच्या कडेला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. काजू लावायचेत. मधोमध जांभ्याच्या धोंड्यांवर दीड-दोन गुंठे जाळी आहे. ठेकेदार म्हणतो, जेसीबी लावला तर दोन तासांत साफ होईल, वर चिरे निघाले तर खर्चही सुटेल. घरच्यांना सापांची भीती. काढू की ठेवू? — एक वाचक, पेडणे

उत्तर: ठेवा. आजचं पहिलं उत्तर मुद्दाम वाचा, त्यातली अर्धी गोष्ट तुमच्या जाळीची आहे.

दीड गुंठ्यात काजूची दोन-तीन झाडं बसतील. धोंड्यावर तीही धड होणार नाहीत. उलट काजूला मोहोर येतो तेव्हा फळ धरायला माश्या-मधमाश्या लागतात, आणि त्यांना वर्षभर राहायला जागा लागते. ती तुमच्याकडे आयती आहे. चिऱ्यांचं म्हणाल तर, चिरे एकदाच निघतात. खड्डा राहतो. आमच्या गावात माझ्या माहेरच्या जमिनीशेजारी असा एक खड्डा चाळीस वर्षं तसाच आहे. मी वर सांगितलेली जाळी तिथेच होती, बेडूक सापडला ती. मी नोकरीसाठी बाहेरगावी होते, परत आले तेव्हा धोंडेच नव्हते. हे लिहिताना अजून घशाशी येतं.

सापांची भीती खरी आहे, तिला हसू नये. पण जाळी जमिनीच्या मधोमध आहे, घरापाशी नाही. साप उंदरांमागे जातो, तेव्हा घराजवळचे लाकडाचे आणि चिऱ्यांचे ढीग आधी हलवा. जाळीशी काम करताना गमबूट घाला, हात घालण्याआधी काठी फिरवा.

खरा धोका आगीचा आहे. 2023 च्या मार्चमध्ये सत्तरी तालुक्यातले डोंगर कसे पेटले होते ते आपण सगळ्यांनी पाहिलं. डिसेंबर संपता संपता जाळीभोवतीचं करड चार-पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात कापून घ्या आणि गुरांना घाला. तिथेच पेटवू नका. ऑस्ट्रेलियात आर्नहेम लँडमधले मूळ रहिवासी हेच काम कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला बारीक आग लावून करत आले आहेत, गवत अर्धवट ओलं असताना, म्हणजे पुढची मोठी आग वेलरानाच्या काठाशी थांबावी. कशासाठी? रानातले कंद जपायला. त्यातला एक कंद म्हणजे आपला करांदा, अगदी तीच जात, जी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आपण उकडून खातो. पण तसली आग लावायला पिढ्यांचा हात लागतो. आपण कोयता वापरावा.

जाळीची बाहेरची कड छाटू नका. करवंदं आणि वेली मिळून जी काटेरी भिंत होते तिनेच ऊन-वारा बाहेर राहतो आणि आतली ओल टिकते. कड नीटनेटकी केली की गवत आत शिरतं, आणि गवतामागून आग. काढायची असेल तर रानमोडी आणि घाणेरी काढा. दोन्ही काठाने घुसतात, आणि रानमोडी वाळली की भरभर पेटते. जुलै-ऑगस्टमध्ये, माती सैल असताना, फुलं यायच्या आत मुळासकट उपटा. आणि कुणी हौसेने अकेशियाची रोपं आणून दिली तर नम्रपणे परत करा. तीही ऑस्ट्रेलियाकडचीच, पण आपल्या खाणींच्या ढिगांवर आणि सड्यांवर लावून आपण पुरती पाहिली आहेत. त्यांच्याखाली करवंद येत नाही.

जाळीत काय काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, सगळं पानावर आलं की, कडेने एक फेरी मारा आणि एकेक पान वहीत दाबून ठेवा. गुळवेल, कांगोणी, कळलावी आणि घोटवेल बहुधा सापडतीलच. सागरगोटा सापडला तर बी कुणाला काढू देऊ नका. वही माझ्याकडे पाठवा, नावं घालून परत करते. आणि ठेकेदाराला नाही म्हणायचं ते या आठवड्यातच म्हणा, जेसीबी दुसऱ्या कामासाठी शेजारी आला की 'आलाच आहे तर' म्हणून फिरवला जातो.